कॉमन मीटर सोलरवर नेताना: नाशिकरोडच्या एका सोसायटीचा अनुभव

आमची सोसायटी नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला. दोन विंग, छत्तीस फ्लॅट, दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे. या सगळ्याचं मिळून एक कॉमन मीटर. फेब्रुवारी २०२५ पासून हे मीटर गच्चीवरच्या आठ किलोवॅट सोलरवर चालतंय. मी सोसायटीची खजिनदार, शाळेत गणित शिकवते. विजेच्या कामातलं आधी काहीही कळत नव्हतं. काम झाल्यापासून आजूबाजूच्या सोसायट्यांतले लोक फाईल बघायला येतात, तेच तेच प्रश्न विचारतात आणि निम्मे जण "एवढी कागदपत्रं?" म्हणून परत जातात. त्यांनी परत जाऊ नये, म्हणून पहिल्यापासून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात बिलापासून. आमचं कॉमन मीटर महिन्याला बाराशे युनिटच्या आसपास फिरायचं आणि बिल एकवीस-बावीस हजार यायचं. कॉमन मीटरला घरगुतीच दर लागतो, हे खरं; पण घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटला पावणेपाच रुपयांच्या आसपास, १०१ ते ३०० ला सव्वादहा, ३०१ ते ५०० ला साडेचौदा आणि पाचशेच्या वर गेलं की साडेसोळा रुपयांच्या पुढे. त्यावर युनिटमागे वहन आकार, स्थिर आकार आणि सगळ्याच्या वर १६ टक्के वीज शुल्क. घरात कितीही काटकसर केली तरी कॉमन मीटरचे सातशे युनिट सगळ्यात महाग टप्प्यात जात होते आणि ते पैसे मेंटेनन्समधून प्रत्येकाच्या खिशातून निघत होते. भाडेकरू असो वा मालक, लिफ्ट वापरणारा असो वा तळमजल्यावरचा.

हा हिशेब मी खडूने फळ्यावर मांडावा तसा एका कागदावर मांडला आणि २२ सप्टेंबर २०२४ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सगळ्यांना वाटला. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळे विषयपत्रिकेत सोलरचा विषय टाकायचा असेल तर ऑगस्टमध्येच कमिटीत चर्चा करून घ्या. आयत्या वेळच्या विषयात तो ढकलू नका. पैशाचा आणि गच्चीचा विषय आहे. ज्यांना आधी नोटीस मिळाली नाही ते नंतर हरकत घेतात आणि ती हरकत रास्तही असते.

सभेत विरोध झाला, आणि तो करणाऱ्यांची बाजू खोटी नव्हती. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे अप्पा म्हणाले, "गेल्याच्या गेल्या वर्षी वॉटरप्रूफिंगला दीड लाख घातले. आता तुम्ही तिथं ड्रिल मारणार आणि पाणी माझ्या बेडरूममध्ये येणार." दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं वाळवणाचं. "ताई, गच्ची सगळ्यांची आहे ना? मग उन्हाळ्यात माझ्या कुरडया मी कुठे घालू?" आमच्याकडे एप्रिल लागला की गच्चीवर साड्या अंथरलेल्या असतात. कुरडया, पापड, बटाट्याचा कीस, सांडगे. पाच-सहा घरांचं वर्षभराचं वाळवण तिथं होतं. हा प्रश्न हसण्यावारी नेला असता तर ठराव पास होऊनही काम पुढे गेलं नसतं.

त्या दिवशी ठराव आम्ही मुद्दाम केला नाही. सभा तहकूब ठेवली आणि पुढच्या रविवारी गच्चीवर गेलो. एका पॅनलचं माप साधारण साडेसात फूट बाय पावणेचार फूट. चेअरमन काकांनी टेप धरली, मी आणि ए-विंगमधल्या दोन कॉलेजच्या मुलींनी खडूने बी-विंगच्या गच्चीवर पंधरा चौकोन आखले, मध्ये फिरायला वाट सोडली. संध्याकाळी लोक चहाचा कप घेऊन वर येत होते, त्या चौकोनांमधून चालत होते. काकू आल्या, कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि पावलांनी मोजून म्हणाल्या, "म्हणजे ए-विंगची गच्ची अख्खी मोकळी राहते." राहतच होती. कागदावर "साधारण साडेआठशे चौरस फूट" लिहिलं तर कुणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. खडूच्या रेघांमध्ये उभं राहिलं की येतं. ठरावात आम्ही ते वाक्यच घातलं: ए-विंगची गच्ची सभासदांच्या वापरासाठी कायम मोकळी राहील. हे करून पाहा असं मी प्रत्येक सोसायटीला सांगते.

चौकोन आखताना सावली लक्षात घ्या. पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांची सावली आपल्याकडे उत्तरेला पडते आणि डिसेंबरात ती सगळ्यात लांब असते. नाशिक साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीसुद्धा टाकी जेवढी उंच जवळजवळ तेवढीच लांब सावली येते. सप्टेंबरच्या उन्हात जागा स्वच्छ दिसते म्हणून फसू नका. पॅनल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली आली तरी बाकीच्यांची वीजही घटू शकते. म्हणून आमचे सगळे पॅनल टाकीच्या दक्षिणेला आहेत, तोंड दक्षिणेकडे आणि कल अठरा-वीस अंशांच्या दरम्यान.

किती किलोवॅट बसवायचं यावरही बराच वेळ गेला. आपल्या भागात एक किलोवॅटमागे महिन्याला सरासरी एकशेवीस युनिट धरतात. त्या हिशेबाने बाराशे युनिटला दहा किलोवॅट हवं, आणि आलेल्या प्रत्येक सोलरवाल्याने दहाच सांगितलं. पण दरांचे टप्पे पुन्हा बघा. सोलरची वीज बिलातून वजा होते ती वरच्या टोकाकडून. पहिले वाचतात ते साडेसोळाचे युनिट, शेवटी वाचतात ते पावणेपाचचे. आठ किलोवॅटने साडेनऊशेच्या आसपास युनिट वजा झाले की उरलेले अडीचशे स्वस्त टप्प्यांत येतात. शेवटच्या दोन किलोवॅटसाठी लाखभर रुपये घालून वाचणार ती सगळ्यात स्वस्त वीज. शिवाय वर्षाचा हिशेब ३१ मार्चला बंद होतो; तोपर्यंतचे शिल्लक युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण ३१ मार्चला जे उरतील ते महावितरण वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने घेतं आणि तो दर आपण भरतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. म्हणून आम्ही आठवर थांबलो. हा हिशेब तुमच्या बारा महिन्यांच्या बिलांवर करा, एका महिन्याच्या नाही.

६ ऑक्टोबरच्या सभेत ठराव झाला. ठरावात किती किलोवॅट, कोणत्या गच्चीवर, कमाल खर्च किती, पैसे कुठून, आणि अर्ज व करारावर सही कोण करणार हे सगळं स्पष्ट लिहा. सूचक, अनुमोदक आणि इतिवृत्ताची प्रत पुढे प्रत्येक टेबलावर मागतात.

मग कळलं की कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर आहे.

सोसायटी नोंदून चौदा वर्षं झाली होती, बिल आम्हीच भरत होतो, पण बिलावर नाव बिल्डरच्या फर्मचं. अनुदान मीटर ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जातं, त्यामुळे नाव बदलल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाता येणार नव्हतं. बिल्डरचा ना-हरकत दाखला हवा होता. फर्म आता वेगळ्याच नावाने काम करते, जुने भागीदार फोन उचलत नव्हते. दिवाळी तशीच गेली. मला त्या आठवड्यांत फार निराश वाटायचं. ठराव झाला, पैसे जमायला लागले आणि एका सहीसाठी सगळं अडलेलं. शेवटी सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, ठराव, पॅन, इतक्या वर्षांच्या बिलभरणीच्या पावत्या असं सगळं जोडून आम्ही अर्ज केला आणि एका जुन्या भागीदारानेही घरी बोलावून दाखल्यावर सही दिली. भला माणूस होता, चहा पाजला. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बिलावर सोसायटीचं नाव आलं. तुमच्या कॉमन मीटरचं बिल आत्ता काढा आणि नाव कुणाचं आहे ते बघा. सोलर करणार नसाल तरी.

त्याच बिलावर मंजूर भारही, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट वापरायला महावितरणने मंजुरी दिली आहे तेही, बघून घ्या. सोलरची क्षमता त्याहून जास्त चालत नाही. आमचा मंजूर भार पंधरा किलोवॅट असल्याने आम्हाला अडचण आली नाही.

अर्ज पीएम सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर केला. ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. घरासाठी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यात गाड्यांचं चार्जिंगही धरलेलं आहे. ग्राहक क्रमांक बारा आकडी, तो बिलावरून बघून टाका. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळा तांत्रिक व्यवहार्यता अभ्यास (भागातल्या लाईनला हे सोलर झेपेल का, याची तपासणी) लागत नाही, त्यामुळे तो टप्पा आमच्यासाठी लगेच पार पडला.

कोटेशनं तीन मागवली, तिन्ही पोर्टलवर नोंद असलेल्या व्हेंडरची. इथे गणिताच्या शिक्षिकेला काम मिळालं. एकाने सगळ्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावला होता. सोलरच्या कामात त्या वेळी सत्तर टक्के रक्कम सामानाची धरून त्यावर १२ टक्के आणि तीस टक्के सेवेची धरून त्यावर १८ टक्के, म्हणजे एकूण १३.८ टक्के कर बसत होता. सांगितल्यावर त्यांनी कोटेशन बदलून दिलं. दुसऱ्याचं कोटेशन बरंच स्वस्त होतं, पण त्यात पॅनलपुढे डीसीआर हा शब्द नव्हता. अनुदान हवं असेल तर पॅनल आणि त्याच्या आतले सेलही भारतात बनलेले लागतात, त्यालाच डीसीआर म्हणतात. स्वस्त पॅनल घेऊन अनुदान गमावलं तर स्वस्ताई उरतच नाही. तिसऱ्यालाच काम दिलं. ५४० वॉटचे पंधरा पॅनल, पॅनलची वीज आपल्या वापराच्या विजेत बदलणारा आठ किलोवॅटचा इन्व्हर्टर, पाच वर्षांची देखभाल, करासह ५,२८,००० रुपये.

पैसे देण्याचे हप्ते कराराच्या कागदावरच लिहून घेतले. ऑर्डरला वीस टक्के, सामान गच्चीवर चढल्यावर साठ, आणि नेट मीटर (आत येणारी आणि बाहेर जाणारी अशी दोन्ही वीज मोजणारं मीटर) बसून सोलर चालू झाल्यावर उरलेले वीस. शेवटचे वीस टक्के हातात ठेवलेत तरच शेवटचे कागद वेळेवर होतात. अनुदान नंतर सोसायटीच्या खात्यात येतं, त्यामुळे व्हेंडरला पूर्ण रक्कम आधी द्यावी लागते, ही तयारी ठेवा.

पैसे असे उभे केले: प्रत्येक फ्लॅटमागे दहा हजार, म्हणजे ३,६०,०००, उरलेले सोसायटीच्या मुदत ठेवीतून, अनुदान आलं की परत भरायच्या बोलीवर. सगळ्यांना एकदम दहा हजार देणं जमणारं नव्हतं. दोन-तीन घरं फक्त पेन्शनवर चालतात, एका घरात दवाखाना चालू होता. त्यांच्यासाठी महिना हजाराचे हप्ते केले आणि कोण हप्त्याने देतंय ते मी आणि चेअरमन सोडून कुणालाही कळू दिलं नाही. थकबाकीची यादी नोटीस बोर्डावर लावायची आमच्याकडे पद्धत आहे. या वर्गणीची लावली नाही. मला वाटतं, शेजाऱ्यांनी मिळून करायच्या कामात ही गोष्ट पॅनलच्या वॉरंटीइतकीच महत्त्वाची आहे.

काम जानेवारीत सुरू झालं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी वरच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांत जाऊन छताचे फोटो काढले, तारखेसह. अप्पांच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आधीपासून होती. त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवली. पुढे गळतीचा वाद झालाच तर दोन्ही बाजूंना आधार हवा. गच्चीला ड्रिल मारायचं नाही अशी अट घातली होती. त्याऐवजी सिमेंट काँक्रीटचे जड ठोकळे ओतले, खाली रबराचे पॅड ठेवले आणि त्यांच्यावर जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंडी स्ट्रक्चर उभं केलं. ठोकळ्यांचं वजन जूनच्या वाऱ्याचा हिशेब करून ठरवलेलं असावं लागतं. तो हिशेब इंजिनिअरच्या सहीने लेखी मागा. अप्पा रोज खुर्ची टाकून गच्चीवर बसत. चौथ्या दिवशी तेच मजुरांना सांगत होते, "तो पॅड सरकलाय बघ, नीट घे."

संक्रांतीला काम बंद ठेवलं. मुलांच्या पतंगांचा दिवस, गच्ची त्यांचीच. दुसऱ्या दिवशी स्ट्रक्चरमध्ये अडकलेला मांजा काढण्यात सकाळ गेली. आता दर संक्रांतीनंतर पॅनलच्या कडांतला मांजा काढायचं काम मुलांनीच घेतलंय.

अर्थिंगसाठी तीन वेगळे खड्डे लागतात: एक पॅनलच्या बाजूचं, एक इन्व्हर्टरच्या बाजूचं आणि एक वीजरोधकाचं, म्हणजे आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचं. आमच्याकडे मुरूम संपला की काळा दगड. दोन दिवस पार्किंगमध्ये ब्रेकरचा आवाज चालू होता आणि गाड्या रस्त्यावर लावाव्या लागल्या. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर भांडणं होतात.

पॅनल चढवण्याआधी प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर फोटोत घ्या. पोर्टलवर हे नंबर भरावे लागतात. आमच्या व्हेंडरच्या ऑफिसने दोन नंबर चुकीचे भरले आणि फाईल परत आली. पॅनल तोवर बसले होते; स्टिकर मागच्या बाजूला, खाली झोपून टॉर्चने वाचायची वेळ आली असती. माझ्या मोबाईलमध्ये फोटो होते म्हणून त्याच संध्याकाळी दुरुस्ती झाली.

नेट मीटरिंगचा करार स्टॅम्प पेपरवर करायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा करारांना शंभर-दोनशेचा स्टॅम्प पुरत नाही, पाचशेचा घ्यावा लागला. मीटरची चाचणी, मग तपासणीची तारीख. या मधल्या काळात पॅनल गच्चीवर तयार उभे होते आणि ऊन फुकट जात होतं. "थोडा वेळ चालू करून बघू या ना," असं रोज कुणीतरी म्हणायचं. करू नका. साधं मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा वापर म्हणून मोजू शकतं आणि बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. शिवाय परवानगीआधी लाईनमध्ये वीज सोडणं धोक्याचं आहे.

तो धोका काय, ते तपासणीच्या दिवशी समोर दिसलं. १८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. महावितरणचे तरुण अभियंते आले, नेट मीटर बसलं, इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागला, पडद्यावर किलोवॅटचा आकडा चढायला लागला. लोक टाळ्या वाजवणार तेवढ्यात त्यांनी मेन स्विच खाली ओढला. भर दुपारचं ऊन असूनही इन्व्हर्टर क्षणात बंद. लाल दिवा. काकू म्हणाल्या, "अहो, बिघडलं की काय?" ते म्हणाले, "बिघडलं असतं तर चालू राहिलं असतं, काकू. लाईट गेली की हे बंद झालंच पाहिजे. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीची वीज शॉक देईल." मग स्विच वर केला आणि पाचेक मिनिटांनी इन्व्हर्टर आपोआप परत सुरू झाला.

ही गोष्ट व्हेंडर विक्रीच्या वेळी क्वचितच सांगतात, म्हणून मी ठळकपणे सांगते: साधं नेट मीटरचं सोलर लाईट गेल्यावर चालत नाही. बिल कमी होतं. अंधारात उपयोग हवा तर बॅटरीची सोय वेगळी करावी लागते आणि बॅटरीला अनुदान नाही. आम्ही ती दुसऱ्या टप्प्यात केली. पाच युनिट साठवणारी लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर, ९२,००० रुपये. त्यावर फक्त जिन्यांचे दिवे, गेट, इंटरकॉम, कॅमेरे आणि खालच्या मीटिंग रूममधले चार प्लग. लिफ्ट नाही, पंप नाही. सगळं मिळून चारशे वॉटच्या आत, म्हणजे रात्रभर निभतं.

एप्रिलच्या शेवटी बॅटरी बसली आणि मे महिन्यात तिचा कस लागला. २०२५ चा मे आठवत असेल. उन्हाळा जाणवलाच नाही, वळवाचा पाऊस रोज संध्याकाळी झोडपत होता. एका रात्री झाड तारांवर पडलं आणि आमच्या भागातली वीज नऊच्या सुमारास गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. आमच्या जिन्यात उजेड होता. मीटिंग रूममध्ये पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचं नेब्युलायझर दोनदा लावलं. मागच्या रो हाऊसमधली बाळंतीण आपल्या आईला घेऊन येऊन बसली, फोन चार्ज केला, बाळाच्या दुधाचं पाणी गरम केलं. वॉचमन दादांनी खुर्च्या मांडून दिल्या. पाण्याची अडचण आली नाही, कारण पंपाची वेळ आम्ही मार्चपासूनच बदलली होती: पूर्वी रात्री दहाला टाकी भरायचो, आता दुपारी तीनला भरतो. नेट मीटरच्या हिशेबात तेव्हा त्याने फरक पडत नव्हता, पण संध्याकाळच्या वादळाच्या आधी टाकी भरलेली असते. हा बदल फुकट आहे, सोलर नसलेल्या सोसायटीनेही करावा.

आमच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असेल तेव्हा एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. लहानपणापासून मला वीज म्हणजे त्या चिमण्या असंच वाटायचं. तिथले २१० मेगावॅटचे तीन संच कुठे आणि आमचे आठ किलोवॅट कुठे, हे मला कळतं. तरी आपल्या जिन्यातला दिवा आपल्या गच्चीवरच्या उन्हाने लागतो, त्याचा हिशेब आपल्याच वहीत असतो आणि बिघडलं तर कुणाला बोलवायचं हे मुलांनाही ठाऊक असतं, याचं मोल मला फार वाटतं.

अनुदान एप्रिलमध्ये खात्यात आलं, १,४४,०००. पॅनल ८.१ किलोवॅटचे असले तरी इन्व्हर्टर आठचा, त्यामुळे हिशेब आठचा झाला. ती रक्कम सरळ मुदत ठेवीत परत गेली.

बिलाचं म्हणाल तर मार्चचं पूर्ण महिन्याचं बिल तीन हजारांच्या आत आलं. बिलावर आता आयात, निर्यात आणि शिल्लक असे तीन आकडे असतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते इन्व्हर्टरच्या ॲपमधल्या आकड्यांशी ताडून बघा. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक म्हणून वीज सगळ्यात जास्त येईल असं आम्हाला वाटत होतं, पण पॅनल तापले की त्यांची कार्यक्षमता घटते. आमच्याकडे मार्च सगळ्यात चांगला गेला. मेमध्ये ढगांनी घात केला आणि जूनचं बिल आठ हजारांच्या पुढे गेलं. पावसाळ्यात हे होणारच. वर्षाची सरासरी बघायची, एका ढगाळ महिन्यावरून नाराज व्हायचं नाही.

धुण्याचं वेळापत्रक केलंय. दर पंधरा दिवसांनी दोन घरं, सकाळी आठच्या आत, साध्या पाण्याने आणि मऊ मॉपने. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारायचं नाही. बोअरचं पाणीही वापरायचं नाही; क्षाराचा पांढरा थर बसतो आणि तो खरवडून निघत नाही. आम्ही नळाचं पाणी एका टाकीत वेगळं ठेवतो. कबुतरांचा त्रास आहे, पॅनलखाली जाळी लावून घेतली.

मागच्या रो हाऊसपैकी पाच घरांनी आता एकत्र कोटेशन मागवलंय, प्रत्येकी तीन किलोवॅट. एकत्र घेतल्याने दर थोडा उतरला आणि अनुदान प्रत्येकाला स्वतंत्र ७८,००० मिळेल. त्यातल्या दोन घरांचा मंजूर भार एकच किलोवॅट होता, तो वाढवून घेतला. तिघांनी बँकेचं कर्ज काढायचं ठरवलंय. दोन लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यांची फाईल आमच्या फाईलवरूनच तयार केली. ठरावाचा मसुदा, कराराचे हप्ते, छताच्या फोटोंची यादी, सगळं दिलं.

जुलैच्या बैठकीत आम्ही मेंटेनन्स महिना १,८०० वरून १,४०० केला, ऑगस्टपासून लागू. हप्त्याने वर्गणी देणाऱ्यांचे हप्ते या कमी झालेल्या चारशेतूनच चाळीस टक्के भागतील असं बघितलंय. बचतीतले वर उरणारे पैसे बॅटरीच्या बदलीसाठी वेगळ्या खात्यात जातील. ए-विंगच्या गच्चीवर यंदा वाळवण नेहमीसारखं झालं. ऊन असे त्या दिवसांत काकूंनी तीन किलोच्या कुरडया घातल्या आणि ढग आले की मुलं उचलून मीटिंग रूममध्ये आणत होती.